तीन नंबरच्या वॉर्डातले चौदा लाल ठिपके

सावळदऱ्याच्या रुग्णालयात भिंतीएवढा एक पडदा होता. त्यावर तीन नंबरच्या वॉर्डासमोर चौदा लाल ठिपके चमकत होते. एक नंबरसमोर चार, दोन नंबरसमोर अवघे दोन. लाल ठिपका म्हणजे असा जंतू, ज्याला नेहमीच्या औषधाने नुसत्या गुदगुल्या होतात. आणि तीन नंबरच्या सिस्टर होत्या सिंधू गवई, म्हणजे अकरा वर्षांच्या कस्तुरीची आई.

"सोमवारपासून तुम्ही कपड्यांच्या खोलीत," अधीक्षक डॉ. मोहरील आईला म्हणाले. "वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. पडदा समोर आहे, सिस्टर. मी वेगळं काय बोलू?"

घरी आल्यावर आई हात धूत उभी राहिली. साबण संपला तरी धूतच होती. "कस्तुरी," ती हळूच म्हणाली, "माझ्याच हातून तर नसेल ना गेलं कुणाला?"

झालं! कस्तुरीला संशयाचा ताप चढला. मुळात ही मुलगी अशी संशयी, की आरशातल्या कस्तुरीलाही सांगायची, "आधी तू हात हलव." शनिवारी सकाळी ती थेट रुग्णालयात जाऊन टिपण्यासमोर उभी राहिली.

टिपण्या म्हणजे नमुने गोळा करणारा आणि नोंदी ठेवणारा यंत्रमानव. चार चाकं, पोटात बर्फाचा कप्पा आणि तोंडाला कुलूप नाही. त्याने एकदा गोमेचे पाय मोजले म्हणतात, आणि पहिल्या मोजणीवर विश्वास नाही म्हणून पुन्हा दोनदा मोजले. तोवर गोम कंटाळून झोपली.

"तूच खोट्या नोंदी करतोस," कस्तुरी म्हणाली.

"घे संशय, खुशाल घे. पण माझ्याआधी त्या चौदावर घे की! मी कुठे पळून चाललोय?"

टिपण्याने तिला प्रयोगशाळेच्या काचेपाशी नेलं. आत एक बशी होती. तिच्यात खरवसासारखा थर आणि थरावर औषधाच्या सहा टिकल्या.

"थरावर रुग्णाच्या बेडक्यातले जंतू वाढवलेत," टिपण्या सांगू लागला. "प्रत्येक टिकलीत वेगळं प्रतिजैविक (जंतूंना मारणारं औषध) आहे. टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडलं, तर औषधाने जंतू मारले. आता बघ."

पाच टिकल्यांना जंतू खेटून बसले होते. रिंगण एकाच टिकलीभोवती होतं.

"याला म्हणतात प्रतिरोध (औषधाला दाद न देण्याची ताकद). कुणी औषध अर्धवट घेतं, कुणी गरज नसताना घेतं. त्याने नरम जंतू मरतात, दांडगे उरतात. मग रान मोकळं, आणि पोरंबाळं सगळी दांडग्यांचीच."

"आणि आईच्या वॉर्डात असे चौदा रुग्ण?"

"रुग्ण? मी रुग्ण कधी म्हटलं? ते चौदा अहवाल आहेत."

कस्तुरीने डोळे बारीक केले. "एका रुग्णाचे किती अहवाल?"

"तुझी आई बेडका स्वच्छ येईपर्यंत दर दोन दिवसांनी नमुना पाठवते. एका आजोबांचेच सहा ठिपके आहेत."

"मग एका माणसाचा एकच मोज ना!"

"साहेबांनी मोज म्हटलं तेच मोजलं," टिपण्या जरा ओशाळला. त्याने प्रत्येकाचा पहिलाच नमुना ठेवला आणि पडद्यावरचे ठिपके पटापट विझले. तीन नंबरमध्ये उरले तीन. एक नंबरचे चार, दोन नंबरचे दोन तसेच राहिले.

"आणि तपासले किती जणांना?" कस्तुरीचा संशय काही हटेना.

"तीन नंबरमध्ये तीस. एक नंबरमध्ये फक्त आठ, दोन नंबरमध्ये पाच."

म्हणजे तीन नंबरमध्ये दहांत एक, आणि एक नंबरमध्ये दोघांत एक! जिथे कुणी शोधलंच नाही, तिथे ठिपके कुठून दिसणार?

"पण हे नऊ जण आजारी पडलेच ना? ते कशाने?"

टिपण्याने नऊ बश्यांची चित्रं शेजारी शेजारी मांडली. नऊही बश्यांत त्याच पाच टिकल्या हरल्या होत्या आणि तीच सहावी जिंकली होती. एकाच घरातल्या भावंडांची नाकं सारखी असावीत तसं.

"म्हणजे हे बहुतेक एकाच ठिकाणाहून आलेत," कस्तुरी पुटपुटली. "हे नऊ जण कुठे कुठे गेले होते?"

"नावं सांगणार नाही हं, ती गुप्त असतात. फिरणं सांगतो. तपासलेल्या त्रेचाळीस जणांपैकी बारा जण सात नंबरच्या स्ट्रेचरवरून एक्स-रेला गेले. त्यांतले नऊ लाल. उरलेल्या एकतीस जणांत एकही नाही."

कस्तुरी तडक स्ट्रेचरकडे निघाली. सात नंबरचं स्ट्रेचर ढकलायचं काम हरबाकाकांचं. तेच हरबाकाका, जे तिला रोज शेंगदाणे द्यायचे.

स्ट्रेचरला ऑक्सिजनची नळी होती. ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत यायचा, म्हणजे रुग्णाचा घसा कोरडा पडत नसे. हरबाकाका बाटलीत पाणीच ओतत होते.

"काका, ही बाटली रिकामी कधी करता?"

"रिकामी?" काकांनी कानाला हात लावला. "अगं पोरी, पाण्याचं भांडं रिकामं ठेवू नये. आमच्या घरी हंड्याच्या तळाशीसुद्धा तांब्याभर ठेवतात. थोडं कमी झालं, की मी वरून भरतो. दोन महिन्यांत कोरडी पडू दिली नाही बघ!"

कस्तुरीला घरचं दही आठवलं. आई चमचाभर जुनं दही ठेवते आणि त्यावर दूध ओतते. सकाळी अख्खं भांडं दही! काका रोज नवं पाणी ओतत होते, आणि तळाचं जुनं पाणी विरजणाचं काम करत होतं.

"सापडलं!" ती ओरडली.

"सापडलं नाही, संशय आलाय," टिपण्या म्हणाला आणि बाटलीतलं थेंबभर पाणी घेऊन प्रयोगशाळेकडे पळाला. स्ट्रेचरही त्याने बाजूला ठेवायला लावलं.

सोमवारी बशी तयार झाली. जंतू तोच. पाच टिकल्या हरलेल्या, सहावी जिंकलेली. अगदी तेच नाक!

डॉ. मोहरील स्वतः कपड्यांच्या खोलीत आले. चादरींच्या ढिगामागे आई घड्या घालत होती.

"सिस्टर, चुकलो मी. वॉर्डात चला. त्या हरबाला मात्र आज..."

"त्यांना बाटली धुवायची, उकळायची, हे सांगितलं कुणी होतं, सर?"

डॉक्टरांनी 'नाही' म्हणून मान हलवली. मग आईनेच हरबाकाकांना सगळं शिकवलं. धुतलेली बाटली उपडी ठेवताना काकांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या घराचं दार उलटं बसवलंय. पण ठेवली त्यांनी.

"आणि सर," आई म्हणाली, "एक आणि दोन नंबरमधूनही वेळच्या वेळी नमुने जाऊ देत."

"तिथले ठिपके वाढतील, सिस्टर. जिल्ह्याच्या पडद्यावर आपण लालेलाल दिसू."

"दिसू दे की. दिसलं तर औषध नेमकं देता येईल. शेजारची रुग्णालयंही बघतील आणि आपापल्या बाटल्या तपासतील."

नऊ रुग्णांपैकी आठ सहाव्या औषधाने सावरत होते. सहा ठिपक्यांचे आजोबा अजून धापा टाकत होते. आई हात धुऊन आधी त्यांच्याकडेच गेली, एकदाच धुऊन. तिने नवा नमुना घेतला.

"परवा सकाळी कळेल," टिपण्या म्हणाला आणि नमुना पोटात ठेवून निघाला. कस्तुरीही त्याच्या मागे धावली. त्याने नोंद नीट केली की नाही, ते कुणीतरी बघायला नको?