घरगुती कारण

भिंगारच्या त्या सरकारी कार्यालयात डिसेंबर आला की सगळ्यांना अचानक आजारी आई, मामेभावाचं लग्न नाहीतर पडकी भिंत आठवते. कारण सोपं आहे. अर्जित रजा पुढच्या वर्षात जमा होते, पण किरकोळ रजा — जिला सगळे सीएल म्हणतात — एकतीस तारखेला बुडते. रजेच्या टेबलावर नव्यानंच आलेल्या दीना साळवेला हे चांगलंच ठाऊक होतं. म्हणूनच युनियनचा जोएल पाटोळे समोर येऊन उभा राहिला तेव्हा तिनं मान वर केली नाही.

"सलाम मॅडम. आमच्या स्टोअरच्या गहिनीनाथ मामांची सीएल पुढं ओढा की."

"सलाम. सीएल पुढं जात नाही."

"साहेबांनी सोडलं न्हाई म्हणून राहिली. मामांचा काय दोष?"

"नियमाचाही नाही."

मग तिनं मान वर केली. तिसगावचा हा स्टोअरमधला गडी रागावल्यावर उगाचच देखणा दिसत होता. दीनानं घाईघाईनं खाली पाहिलं.

त्यानंतर जोएलला रोज काहीतरी विचारायचं असायचं. अर्जित रजेला मर्यादा असते का? असते. आजारपणाची रजा साठते का? साठते. हे सगळं युनियनच्या माणसाला पाठ असणार, हे काय तिला कळत नव्हतं? पण ती सांगायची, तो ऐकायचा, आणि चहा गार व्हायचा.

नाताळच्या करंज्यांचा डबा तिनं त्याच्यापुढं सरकवला.

"लाच काय, मॅडम?"

"खा हो मुकाट्यानं. तुमच्या तोंडाला तेवढीच विश्रांती."

नाताळ झाला नि घरी आत्यानं स्थळ आणलं. मुलगा पुण्याचा, एक तारखेला बघायला येणार. दीना "बघू" म्हणाली आणि जोएलची वाट पाहत बसली. त्यानं नुसतं तोंड उघडलं असतं तरी तिनं पाहुण्यांना परत पाठवलं असतं. पण स्टोअरच्या वर्षअखेरच्या मोजणीत अडकलेला तो आला तो थेट तीस तारखेला, दुसऱ्याचाच अर्ज घेऊन.

"मामांची रजा मंजूर झाली उद्याची! घोडेगावच्या बाजारात बैल बघायला जायचंय त्यान्ला. कारण घरगुती लिहिलंय."

"बैल घरगुती कसा?"

"हितं सगळंच घरगुती असतंय, मॅडम."

"आणि तुमची सीएल? तीही शिल्लक आहे ना?"

"स्टोअरमधून एकालाच सोडत्यात. बुडू द्या माझी."

दीनाचं डोकंच फिरलं.

"लोकांसाठी घसा फोडता, पाटोळे, आणि स्वतःची वेळ आली की तोंडाला कुलूप! एक तारखेला मला बघायला येतायत."

"नोटीस न देता?" तो बोलून गेला आणि त्याचा चेहरा पडला.

तिला हसू आलं आणि रडूही. खिडकीतून येणारं हिवाळ्यातलं ऊन टेबलावर पसरलं होतं. जोएल हातातला अर्ज उगाचच गुंडाळत राहिला.

"भीती वाटती," तो हळूच म्हणाला. "मागितलं... अन् नामंजूर झालं तर?"

"न मागता बुडतं, त्याचं काय?"

त्यानं अर्ज टेबलावर ठेवला. मग युनियनच्या सभेत कधी काढला नसेल इतक्या बारीक आवाजात म्हणाला, "दीना... मला तू आवडतीस. पण उद्या ड्युटी हाय. तुझ्या पप्पांकडं परवा—"

"परवा पुण्याचे येतील! आणि माझ्या पप्पांना भेटायला रजा कशाला लागते? उद्या पाचला सुटलास की ये."

"अन् तुझं उत्तर? ते... नव्या वर्षात दिलंस तरी—"

"पुढं जात नाही ते," दीना म्हणाली. तिचे कान तापले होते. "आत्ताच घे. हो."

जोएल दारापर्यंत गेला. चहावाल्याला धडकला, त्याची माफी मागितली आणि परत आला.

"पण पप्पांनी विचारलं, का आलास... तर काय सांगू?"

दीनानं गहिनीनाथ मामांचा अर्ज ओढून घेतला आणि मान खाली घालूनच हसली.

"सांग, घरगुती कारण."