गाणं बघणारा माणूस

आमच्या रोपवाटिकेतल्या दोडक्याच्या वेलात एक माणूस कमरेपर्यंत शिरला होता. मी पाण्याची नळी त्याच्यावर रोखली.

"बाहेर या, नाहीतर भिजवीन!"

"हळू... तो गातोय," आतून उत्तर आलं.

तो एका संस्थेकडून झाडांवरच्या रातकिड्यांची नोंद करायला आला होता. मी त्याचं नाव किडेमास्तर ठेवलं आणि पुढचे तीन आठवडे संध्याकाळ झाली की माझे डोळे फाटकाकडे लागायचे. लपवू कशाला? आवडला होता मला.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी त्याने एक पान अलगद बाजूला केलं. फिकट हिरवा किडा, पारदर्शक पंख उभारलेले, मिशांच्या मुळाशी काळे ठिपके.

"असे ठिपके दोन जातींना असतात. फरक फक्त गाण्यात. एक अखंड गातो, दुसरा तुटक. हा अखंडवाला," असं म्हणत त्याने वहीत लिहिलंसुद्धा.

"अखंड कुठला? मधूनमधून थांबतोय की! हा बघा थांबला... हा लागला."

त्याचे कान लाल झाले. "पण गाताना उभारतो ते पंख तर उभेच आहेत..."

"म्हणजे तुम्ही गाणं बघताय?"

त्याने पेन्सिल कानामागे खोचली.

"इतका बारीक आवाज मला ऐकू येत नाही. लहानपणच्या आजारात कानांची तेवढी ताकद गेली. ऑफिसात कळलं तर हे काम काढून घेतील. मग इथे यायला निमित्तही उरणार नाही."

जाऊ दे ना चुकीचं नाव, असं क्षणभर वाटलंही. पण एका ठिपक्यासाठी तासभर वाकून बसणारा हा माणूस, खोटं लिहून सुखाने जेवला नसता.

"हात द्या," मी म्हटलं.

किडा गाऊ लागला की मी त्याच्या तळहातावर बोट नाचवायची. थांबला की उचलायची. त्याने डोळे मिटले... आणि हळूच हसला.

मग त्याने 'अखंड' खोडून 'तुटक' लिहिलं. खाली लिहिलं, 'इतका बारीक आवाज मला ऐकू येत नाही. गाणं दुसऱ्या व्यक्तीने ऐकलं.'

"काम गेलं तर?" मी विचारलं.

"गेलं तर गेलं. पण साहेब विचारतील, ही व्यक्ती तुमची कोण? काय सांगू?"

किडा कधीच गप्प झाला होता. माझं बोट मात्र त्याच्या तळहातावरच होतं.

"सांगा... होणारी बायको."

किडेमास्तरांनी पेन्सिल उचलली आणि नोंदीत खरंच तसं लिहिलं.