आईनं बाहेर थांबायचं

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या मामेबहिणीच्या, दिपालीच्या बाबतीत घडलेली. तिनं शपथ घातलीय म्हणून दवाखान्याचं नाव सांगत नाही. कोल्हारच्या जवळपास, हायवेला लागून आहे एवढंच समजा.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. गेल्या जानेवारीत, चक्क उन्हात सुरू झाली.

दिपाली बेलापूरची. नर्सिंग झाल्यावर ती त्या दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डला लागली. नव्या इमारतीचं काम निघालं, म्हणून मुलांचा वॉर्ड काही दिवसांसाठी मागच्या दगडी हॉलमध्ये हलवला. इंग्रजांच्या वेळचा हॉल. उंच छत, जाड भिंती आणि एकच मोठं दार.

पहिल्याच दुपारी ती औषधांची ट्रॉली ढकलत आत गेली आणि थबकली.

वॉर्ड शांत होता.

मुलांचा वॉर्ड कधी शांत नसतो हो. कुणी सुईला घाबरून रडतं, कुणी घरी जायचं म्हणून. सगळी झोपली तरी एखादं खोकतंच.

इथे... काहीच नाही.

मुलं जागी होती. उताणी पडून छताकडे बघत होती.

आणि एकाही कॉटपाशी आई नव्हती.

दिपाली बाहेर धावली. सगळ्या आया व्हरांड्यात उभ्या. गोंधळलेल्या. त्यात तिसगावची मोनिका होती. तिच्या अंगदला न्यूमोनिया झाला होता.

"अहो, तुम्ही सगळ्या बाहेर काय करताय?"

"तुमीच म्हनला ना, सिस्टर?"

"मी?"

"मागून आवाज आला. आईनं बाहेर थांबायचं. मला वाटलं तुमीच हायेत."

दिपाली परत आत आली. अंगदचं पांघरूण दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचलेलं होतं. इतकं घट्ट, की पोराला हात हलवता येत नव्हता. तिला जोर लावून ते ओढावं लागलं.

शेजारच्या कॉटवर तसंच. त्याच्या पलीकडे... तसंच.

"कुणी घातलं रे हे?"

अंगदचे डोळे भरले होते. ओठ थरथरत होते. पण रडण्याचा आवाज निघत नव्हता.

"रडायचं न्हाई," तो कुजबुजला. "रडलं की आई येत न्हाई."

मोनिकाची सासू, मालनबाई, पहिल्या दिवसापासून अंगणातल्या लिंबाखाली बसून होती. नातवावर जीव, पण हॉलची पायरी चढत नव्हती. दिपाली तिच्याजवळ जाऊन बसली.

"आजी, तुम्ही आत का येत नाही?"

मालनबाईनं हॉलच्या दाराकडे बोट केलं.

"मी हुते त्या खोलीत. पोर आसताना. टायफॉईड झाल्ता मला."

"मग?"

"तवा आईला आत येऊ देत नव्हते, बाई. आयतवारी भेट, ती बी खिडकीतून. आई दिसली की पोरं रडत्यात, ताप चढतो, आसं म्हनायच्या सिस्टर. पांघरूण खोचून टाकायच्या, कुनी उठून पळू नये म्हनून."

"वाईट होत्या?"

"न्हाई वो. लई जीव लावायच्या. मी आधी रडले, लई रडले. मग रडू यायचंच थांबलं. तवा म्हनल्या, बघा, किती शानी झाली." मालनबाईनं पदरानं तोंड पुसलं. "त्येच्यानंतर मी आईजवळ झोपलेच न्हाई कंदी."

दिपालीला हे नवीन नव्हतं. पूर्वी मुलांच्या दवाखान्यात अशीच रीत होती, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. गप्प झालेलं मूल म्हणजे रुळलेलं मूल, असं समजत. ते मूल आतून हरलेलं असतं, हे समजायला फार वर्षं गेली.

पण ती रीत मोडूनही आता कितीतरी वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी अंगद जेवेना. आईकडे बघेना. ताप चढत होता, ऑक्सिजन उतरत होता. डॉक्टरांनी औषध बदललं. काही फरक नाही.

संध्याकाळ होत आली. दिपालीनं सगळ्या आयांना सांगितलं, "मुलं मांडीवर घ्या. कुणीही बोलावलं तरी उठायचं नाही. मी बोलावलं तरी नाही."

दिवे लागले.

आणि मग... तिच्या अगदी कानामागून...

"आईनं बाहेर थांबायचं."

आवाजात राग नव्हता. दमलेला, शांत आवाज. वर्षानुवर्षं तेच सांगत आलेल्या बाईचा.

मोनिका अंगदला खाली ठेवून उभी राहिली होती. तिची नजर दाराकडे.

"मोनिका! बस खाली! उचल त्याला!"

दिपाली मागे वळून न बघता बोलली.

"सिस्टर, आता तसं नसतं. आता आई मुलाजवळच राहते. आई जवळ असली की मूल लवकर बरं होतं. तुम्ही जा आता."



मग बुटांचा आवाज. टाक... टाक...

एकेका कॉटपाशी तो थांबायचा. तिथे आई असायची. आवाज पुढे सरकायचा.

शेवटच्या, खिडकीजवळच्या कॉटपाशी तो थांबला...

आणि पुढे गेलाच नाही.

त्याच क्षणी अंगदनं टाहो फोडला. मोनिकाच्या गळ्याला मिठी मारून तो मोठमोठ्यानं रडायला लागला. त्याचं ऐकून सगळा वॉर्ड रडायला लागला. दिपालीच्याही डोळ्यांतून पाणी आलं, आनंदानं.

मग तिनं खिडकीकडे पाहिलं.

तिथे कावेरी होती. ऊसतोड करणाऱ्या अजिनाथची पोरगी, जुलाब होत होते म्हणून आणलेली. तिची आई वारली होती. बाप उसाच्या फडात, गाडी भरून झाल्यावर यायचा. तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

पांघरूण गळ्यापर्यंत खोचलेलं होतं. सगळी मुलं रडत होती.

कावेरी हसत होती. कॉटशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून.

अंगद बरा झाला. वॉर्डही नव्या इमारतीत गेला. कावेरीला घरी सोडलं, तेव्हा अजिनाथ हात जोडून म्हणाला, "लई शानी झाली पोरगी. एकदा बी रडली न्हाई."

दिपालीनं त्याला आपला नंबर दिला.

फेब्रुवारीत त्याचा फडावरच्या कोपीतून, म्हणजे झोपडीतून, फोन आला.

"सिस्टर, तुमच्या दवाखान्यातली कोनी बाई आमच्या कोपीवर येती का?"

"नाही... का हो?"

"पोरगी दिवसभर कुनासंगं तरी बोलत आसती. इचारलं तर सांगत न्हाई."

"तिला एकटी ठेवू नका. जवळ घेऊन झोपा. मी येते बघायला."

रविवारी ती नवऱ्याबरोबर मोटारसायकलवर फडात गेली. अजिनाथच्या कोपीचे नुसते बांबू उरले होते. चूल विझलेली. शेजारच्या कोपीतला आसाराम कोयत्याला धार लावत होता.

"अजिनाथ? त्यो गेला की गावाकडं. काल सकाळीच."

"आणि कावेरी?"

"ती बी गेली. बाप पुढं गाठुडं घिऊन, आन् ती मागून. बाईचं बोट धरून."



"कुठल्या बाईचं?"

आसारामनं कोयता खाली ठेवला. तिच्याकडे जरा नवलानंच बघितलं.

"मला काय ठावं? मला वाटलं, पोरीची आई आसंल."

अजिनाथचा फोन तेव्हापासून बंद आहे. दिपाली अजूनही ड्युटीवरून आली की आधी तोच नंबर लावून बघते.