संदर्भसूचीत नसलेली माया

लघुप्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते आणि मी एकाही गावाला गेले नव्हते. विषय होता जत तालुक्यातल्या विहिरींची नावं. साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात याच विषयावर माया खरात नावाच्या मुलीचा जुना, हातानं लिहिलेला प्रबंध सापडला. चाळीस वर्षांपूर्वीचं कोण बघतंय? सगळा जसाच्या तसा टाइप केला. संदर्भसूचीत मायाचं नाव घातलं नाही.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, “माहिती देणाऱ्या हरणाबाई कशा होत्या?”

प्रबंधात ते नव्हतं. गप्प बसायचं सोडून मी बोलायला लागले. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. लुगड्याला मेंढरांचा वास. पितळीत ओतलेला चहा, त्यात लोकरीचा एक तंतू. बोलता बोलता तो तंतू माझ्या जिभेला लागला.

सर खूश झाले.

चार दिवसांनी रहिमतपूरहून आईचा फोन आला. “संयोगिता, आप्पांचं वर्षश्राद्ध रविवारी हाय. येतीस न्हवं?”

“येते,” म्हणाले, पण आप्पांचा, माझ्याच वडिलांचा, चेहरा काही केल्या आठवेना. डोळे मिटले की घोंगडं पांघरलेला, उन्हानं रापलेला एक परका माणूस दिसायचा. आणि त्याला बघून मला रडू यायचं.

मी घाबरले. मार्गदर्शक मॅडमना गाठून सांगितलं, “मी सगळं चोरलंय. नापास करा, पण मूळ नाव घालू द्या.” त्यांच्यासमोरच सूचीत लिहिलं : खरात, माया.

मॅडमनी कागद वाचला. चष्मा काढला.

“स्वतःचंच नाव सूचीत कशाला?”

“मॅडम, मी संयोगिता.”

“बरं वाटत नाही का तुला, माया?”

त्यांनी हजेरीपट पुढं केला. संयोगिता नाव कुठंच नव्हतं.

रविवारी रहिमतपूरला गेले. दार उघडंच होतं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. मी तो निरखून पाहिला. ओळखीचं काही दिसेना.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. मी तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

“आई, मी आले.”

“आवं, उभ्या का? बसा की,” ती म्हणाली. “संयोगिताची मैत्रीण न्हवं तुमी? ती आत पानं वाढतीया.”

आतून ताटांचा आवाज येत होता.