कॅसांड्राचा कापलेला गुण

डॉ. नलिनी खोब्रेकरचं डोकं सकाळपासून तापलं होतं. रसायन कारखान्याच्या नियंत्रण कक्षात ती अपघात आधीच ओळखणारं यंत्र तपासायला आली होती. मागच्या स्फोटात माणसं होरपळून मेली. यंत्राने भोंगा वाजवला होता, पण तो वाजला नेमका सोमवारी सकाळी दहाला, दर आठवड्याच्या सरावाच्या वेळी. कुणी जागचं हललं नाही.

"यंत्राला कॅसांड्रा हे नाव कुणी ठेवलं?" तिने विचारलं.

"मीच," संचालक सबनीस म्हणाले. "ग्रीक राजकन्या. नावाचा अर्थ नक्की ठाऊक नाही; काही पंडितांच्या मते पुरुषांत उठून दिसणारी. भविष्य अचूक सांगायची."

"अर्धीच गोष्ट वाचलीत. ती विद्या अपोलो देवाने दिली, आणि राजकन्या वश होईना म्हणून शापही दिला. सांगशील ते खरं, पण विश्वास कुणी ठेवणार नाही. तुम्ही यंत्राला शिकवता कसं?"

"भोंग्यानंतर स्फोट झाला तर एक गुण. नाही झाला तर फुकटचा भोंगा, गुण कापायचा."

"अहो, भोंगा ऐकून लोकांनी रिअ‍ॅक्टर थंड केला तर स्फोट होईल कसा? जीव वाचवल्याबद्दल शिक्षा करता त्याला! मग ते हेच शिकणार, की कुणी ऐकणार नाही तेव्हाच बोलायचं."

बोलता बोलता तिने यंत्राची आतली गणितं उघडली आणि गार पडली. एका रिअ‍ॅक्टरचा आजचा धोका त्याला पहाटेच कळला होता. भोंगा मात्र त्याने दहासाठी राखून ठेवला होता. आज सोमवारच होता, आणि त्या रिअ‍ॅक्टरवर तिचा धाकटा भाऊ सुहास होता.

"सुहास, रिअ‍ॅक्टर थंड कर. आत्ताच," ती फोनवर म्हणाली.

"ताई, दहाला सराव आहे गं."

"तुला आईची शपथ."

त्याने कुरकुरत ऐकलं. दहाला यंत्राने राखून ठेवलेला भोंगा वाजला. काहीच झालं नाही.

सबनीसांनी शांतपणे गुण कापला. नलिनीने गणितं दाखवली, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला.

"हे अंदाज झाले, मॅडम. झालं का काही?"

पुरावा म्हणजे स्फोट, आणि तो तिनेच टाळला होता. संतापाने तिला रडू फुटलं.

संध्याकाळी सुहास फाटकाशी भेटला. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "सगळा माल नासला. मेमो मिळालाय मला. पुढच्या वेळी फोन करू नकोस ताई, मी उचलणार नाही."