चालण्याजोगं अंतर

“अंतर चालण्याजोगं आहे. चालत जाणार का?” गाडीने आपल्या नेहमीच्या मायाळू आवाजात विचारलं.

“नाही,” अच्युत केळशीकर म्हणाले. गाडी मुकाट्याने निघाली आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीपाशी जाऊन थांबली.

कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी गाडी काढणारा माणूस निरगावात पूर्वी आळशी ठरला असता. आता तसं कोणी म्हणत नसे. भाजीवालीने आधी गाडीकडे पाहिलं, मग अच्युतरावांच्या पायांकडे, आणि जुडी देताना ती जरा जास्तच गोड बोलली. त्या गोडव्याचीच त्यांना धास्ती वाटायची.

गाड्या माणसावाचून चालायला लागल्या आणि निरगावचे लोक गल्लीतल्या गल्लीतही पाय उचलेनासे झाले, तेव्हा चौकाचौकांत ‘पदपारख’ बसली होती. नावाप्रमाणेच ही पावलांची पारख करणारी पट्टी. फरशीखालचे केसासारखे तंतू टाच कशी टेकते, भार कुठून कुठे सरकतो, दोन पावलांमध्ये किती वेळ जातो ते टिपत. मेंदूच्या काही आजारांची चाहूल हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी चालीत लागते. माणसाला स्वतःला पत्ता नसतो, पट्टीला असतो. चाल निरोगी असली की पायाखाली हिरवा दिवा लागायचा. शंका असली तर लागायचाच नाही. सायकलींच्या वाटेवरही अशाच पट्ट्या होत्या. हेतू भला होता: गाडी सोडा, चाला, आणि चालता चालता तब्येतही कळू द्या. पहिली काही वर्षं गाव खरोखरच हौसेने चाललं.

मग लग्नं जुळवणाऱ्यांचं लक्ष त्या दिव्यांकडे गेलं, आणि कांदेपोह्यांची जागा ‘फेरी’ने घेतली. पूर्वी फक्त मुलीला ‘जरा चालून दाखव’ म्हणत. आता दोन्ही घरांनी मिळून देवळापासून तळ्यापर्यंत चालायचं. ऐन तारुण्यात पावलांत काहीच उमटत नाही, म्हणून खरी नजर असायची ती आईवडिलांच्या पायांवर. तिथे दिवा लागला नाही की स्थळ मोडायचं.

अच्युतराव शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतरही त्यांचं पहाटेचं चालणं कधी चुकलं नव्हतं. महिन्यापूर्वी चौकातली पट्टी त्यांच्या पायाखाली काळीच राहिली. त्यांनी मागे जाऊन पुन्हा पाऊल टाकलं. पुन्हा तेच. आसपास कोणी नव्हतं, तरी त्यांनी चौफेर पाहिलं. ते तडक विभावरी सोमणकडे गेले. ती त्यांची शाळेतली वर्गमैत्रीण, आणि पदपारख घडवणाऱ्यांपैकी एक.

“तुझ्या डाव्या पायाची टाच उशिरा उठते,” तपासणी झाल्यावर विभावरी म्हणाली. “डोळ्यांना दिसणार नाही.”

“मला दिसेल. जन्मभर पोरांना माणसं काढायला शिकवलंय. आधी पाय बघा म्हणून सांगायचो.” मग ते हळूच म्हणाले, “औषध?”

“खात्रीचं नाही. पण हा आजार लांबवणारी एक गोष्ट आहे. चालणं. रोज, भरभर, रस्त्यावर. चढ, वळणं, समोरून येणारी माणसं, आडवी जाणारी कुत्री, हे सगळं सावरताना मेंदूतल्या त्या पेशी तग धरतात. घरात येरझाऱ्या घालून ते होत नाही.”

“रस्त्यावर गेलो की गावाला कळणार. आणि लेकीची, ऋजुताची फेरी आलीय. त्या मुलात जीव गुंतलाय तिचा.”

“मग तिला सांगच. हा दोष रक्तातून येतो. तिच्यात असायची शक्यता निम्मी. एकट्या तिच्यात असला तर उतारवयात दिसेल, तोवर चालून लांबवता येईल. पण नवऱ्यातही असला आणि मुलाला दोघांकडून मिळाला, तर ते मूल शाळेच्या वयातच पाय गमावून बसेल. दोघांनी आधी रक्त तपासून घ्यायला हवं.”

“लग्न झाल्यावर सांगेन.”

“आणि तोवर तू?”

“गाडीने फिरेन.”

विभावरी खिडकीपाशी गेली. खालून एकामागून एक गाड्या जात होत्या आणि फुटपाथ रिकामा होता. “माणसांनी चालावं म्हणून केलं रे आम्ही हे,” ती म्हणाली.

फेरीच्या दिवशी अच्युतरावांनी डाव्या घोट्याला पट्टा गुंडाळला. “जिन्यात मुरगळला,” ते म्हणाले. ऋजुताने जिन्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. खाली बसून तिने पट्टा सोडला आणि नीट बांधला. “आजचा दिवस सुरळीत जाऊ दे बाबा,” एवढंच ती बोलली. अच्युतरावांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. तो त्यांनी ठेवला नाही.

देवळापाशी सबनीसांची, म्हणजे मुलाकडच्यांची गाडी आधीच उभी होती. निषाद आणि त्याची आई उतरली. मागून काठी टेकत निषादचे वडील विश्वनाथराव आले. त्यांच्या उजव्या पायाला बँडेज होतं.

“न्हाणीघरात घसरलो,” ते ओशाळून म्हणाले.

“अहो, आमच्याकडेही तेच!” अच्युतरावांच्या पत्नी सुमतीबाई म्हणाल्या, आणि सगळे मोकळेपणाने हसले. एकाच घरचा पाय मुरगळला असता तर कुजबुज झाली असती. दोन्हीकडचा मुरगळल्यावर कोण कोणाला बोलणार? मध्यस्थांनी दोन्ही वडिलांना केळशीकरांच्या गाडीत बसायला सांगितलं. बाकीचे चालणार, गाडी मागून हळूहळू येणार.

विश्वनाथराव गाडीकडे निघाले आणि अच्युतरावांची नजर सवयीने त्यांच्या पायांवर गेली. बँडेज बांधलेला उजवा पाय ठामपणे पडत होता. डाव्या पायाची टाच मात्र पापणी लवण्याइतकी जास्त वेळ जमिनीवर रेंगाळत होती. एकदा, दोनदा, दर पावलाला.

अच्युतराव त्यांच्यामागून गाडीत चढले. दार बंद झालं. शेजारी बसलेले विश्वनाथरावही अच्युतरावांच्या घोट्याकडे टक लावून बघत होते. गाडीत चढताना आपण सगळा भार त्या मुरगळलेल्या पायावर टाकला होता, हे अच्युतरावांना तेव्हा आठवलं.

समोर ऋजुता आणि निषाद पट्टीच्या दिशेने चालले होते. आत्ता काच खाली करून हाक मारली तर थांबले असते. फक्त, तुम्हाला कसं कळलं, हे सांगावं लागलं असतं.

“रोज चालता का?” अच्युतरावांनी विचारलं.

“चालायचो.”

“निषादला काही सांगितलंत?”

विश्वनाथरावांनी काठी दोन्ही हातांत धरली. “लग्न झाल्यावर,” ते म्हणाले.

पट्टीवर ऋजुताच्या पायाखाली हिरवा दिवा लागला, मग निषादच्या. दोघांच्या आयांच्या पायाखालीही लागला. ऋजुताने वळून गाडीकडे पाहिलं आणि लहानपणी हात हलवायची तसा हात हलवला. अच्युतरावांनीही हात हलवला.

“तळं. अंतर चालण्याजोगं आहे,” गाडी मायाळूपणे म्हणाली. “चालत जाणार का?”

दोघंही समोर बघत राहिले. दुसऱ्याने आधी बोलावं म्हणून प्रत्येक जण थांबला होता. पोरं पुढे लांब जात चालली होती.

गाडीने पुन्हा विचारलं. मग दोघंही एकदमच म्हणाले, “नाही.”