शंका आली तर खिडकी उघडी

काचघराचं दार ढकललं आणि बिट्टी उंबऱ्यातच थबकली. उकळत्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली.

ती आली होती ऑफिसातल्या टेबलावर ठेवायला एखादं रोप घ्यायला. अट एकच, आपल्या हातून मरू नये. नर्सरीत बाहेर कोणी दिसेना म्हणून तिने आत डोकावलं, तर लाकडी मांडणीवर ओळीने ठेवलेली रोपं सगळीच्या सगळी आडवी पडलेली, पाला शिजून गेल्यासारखा. मधोमध एका उलट्या क्रेटवर एक तरुण बसला होता. मातीने माखलेले हात गुडघ्यांवर, नजर कुठेच नाही.

"आज विक्री बंद आहे," तो वर न बघता म्हणाला.

"काय झालं?"

"खिडक्या उघडल्या नाहीत." त्याने छताकडे मान केली. "ऊन वाढलं की आपोआप उघडतात. आजवर कधी चुकल्या नव्हत्या. सकाळी माल पोचवायला गेलो, आलो तर... हे."

बिट्टीची नजर भिंतीवरच्या छोट्या पडद्याकडे गेली. पडद्याच्या कोपऱ्यात एक कान उभा करून बसलेलं कुत्रं होतं. ते चित्र तिने स्वतः काढलं होतं. तिच्या पायाखालची जमीन सरकली.

त्या प्रोग्रामचं नाव 'राखण'. कॉलेजात असताना गच्चीवरचा पंप आपोआप बंद व्हावा म्हणून बिट्टीने तो लिहिला आणि इंटरनेटवर मोकळा सोडून दिला. कोणीही फुकट घ्यावा, आत काय लिहिलंय ते उघडून बघावं, चुकलेलं दिसलं तर सुधारून पाठवावं. वर्षं गेली, तिला नोकरी लागली, पण राखणीचा लळा सुटला नाही. सुट्टीचे दिवस त्यातच जायचे. आई म्हणायची, "फुकटची पोरं सांभाळतेय." आणि दोन दिवसांपूर्वीच तिने नवी आवृत्ती सोडली होती, ती सगळ्यांकडे आपोआप पोचलीही होती. तापमापकातून येणारा आकडा एकदम उडी मारू लागला, तर तो बिघाड समजून राखणीने काहीच करू नये, अशी सुधारणा. ती करून स्वतःवर खूश होऊन झोपलीही होती. आज ऊन एकदम चढलं. राखणीला वाटलं, मापक बिघडलाय. आणि ती गप्प बसून राहिली.

"हे मी केलंय," बिट्टी म्हणाली.

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल, पण नजर शांत. त्या शांतपणाचीच तिला जास्त भीती वाटली.

"तुम्ही? खिडक्या बंद केल्यात?"

"राखण मी लिहिलीय. परवा बदल केला... त्यानेच झालं असणार."

त्याने पडद्याकडे पाहिलं. "मला वाटायचं, कुठलीतरी मोठी कंपनी असेल."

"मी आहे. आणि एक घुबड आहे."

"घुबड?"

"टोपणनाव आहे हो. लांबच्या देशात राहतं. आम्ही दोघं मिळून बघतो." तिने पडलेल्या रोपांकडे पाहिलं. "मला वाटायचं, हौशी लोक वापरतात. कुंडीला पाणी घालायला, दिवा लावायला. असं... असं कोणाचं सगळं त्यावर असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

तो उठला. आता हा हाकलून देणार, असं वाटून तिने दाराची कडी पकडली. पण त्याने भिंतीवरचा लोखंडी दांडा काढला आणि तिच्या हातात दिला.

"मग लागा कामाला. तुमच्या बाजूच्या खिडक्या हाताने उघडा, मी पलीकडच्या उघडतो. हवा लागली तर एखादं उठेलही."

मग दोघांनी खिडक्या उघडल्या, पाणी फवारलं, गोणपाटं भिजवून सावली केली. बोलणं कमीच. मध्येच त्याने सांगितलं, ही पिटुनियाची रोपं तो स्वतः संकर करून वाढवत होता. पिवळी फुलं, पण सुगंधी. असं होणारच नाही म्हणून लोक हसायचे. यंदा पहिल्यांदा वास आला होता. ते ऐकून बिट्टीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. संध्याकाळपर्यंत आधीपासून फुटक्या एका काचेजवळच्या, थोडी हवा मिळालेल्या मोजक्या रोपांनी माना वर केल्या. बाकी गेली ती गेलीच.

एरवी गल्ल्यावर बसणारी त्याची आत्या त्या दिवशी संध्याकाळीच आली. सगळा प्रकार कळल्यावर तिने बिट्टीला आपादमस्तक न्याहाळलं. "आता तुला शिव्या घालू का चहा देऊ, तेच समजेना," ती म्हणाली, आणि चहा दिला.

बिट्टीने त्याच दिवशी ती आवृत्ती मागे घेतली, वापरणाऱ्या सगळ्यांना सावध केलं, काय चुकलं ते उघड लिहिलं. आणि त्यानंतरच्या शनिवारी ती पुन्हा काचघराच्या दारात उभी राहिली.

"रोप न्यायला आलात?" त्याने विचारलं.

"नाही. तुमचा तापमापक छळायला आले."

मग शनिवारमागून शनिवार तेच चाललं. तो मापकाला किटलीची वाफ द्यायचा, बर्फ लावायचा, मुठीत धरून बसायचा, आणि ती पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन राखण कशी वागते ते बघायची. तिने नवा नियम लिहिला. शंका आली तर खिडकी उघडायची. घुबडाने लगेच हरकत घेतली. त्याच्याकडे बर्फ पडतो, शंकेपोटी खिडकी उघडली तर झाडं गारठून मरतील. वाद रंगला. शेवटी ठरलं, शंका आली तर काय करायचं ते ज्याचं त्याने आधी सांगून ठेवावं, आणि राखणीने गप्प न बसता मालकाला हाक मारावी.

"म्हणजे इतकी वर्षं तिने कधी हाकच मारली नाही?" तो म्हणाला.

"लिहिणारीच तशी आहे. अडलं तरी कोणाला सांगत नाही."

"मग तिच्यातही सुधारणा करायला हवी."

"कोणात? राखणीत?"

तो मापकावर फुंकर घालत राहिला... पण कान लाल झाले होते. बिट्टीच्या पडद्यावरची ओळ तीनदा चुकली.

पुढे त्याने स्वतःच शिकून राखणीत एक दुरुस्ती करून पाठवली. बिट्टीने ती इंटरनेटवर सगळ्यांसमोर नाकारली. दुरुस्ती नीट चालते का हे पडताळणारी चाचणी त्याने जोडली नव्हती.

"लोकांसमोर?" तो शनिवारी म्हणाला. "एवढा चहा पाजला, त्याचं काहीच नाही?"

"चहाचा वशिला चालत नाही. चाचणी लिही, मग बघते."

लिही. तो शब्द तोंडातून निसटला आणि दोघंही दचकली. "बरं," तो हळूच म्हणाला, "लिहितो. तू बघ."

आणि मग काम संपलं. नवी आवृत्ती तयार झाली. बिट्टीला शनिवारी तिकडे जायला कारण उरलं नाही. पहिल्या शनिवारी तिने कपाट आवरलं. दुसऱ्या शनिवारी आवरलेलंच कपाट पुन्हा आवरलं. आई नुसती बघत होती.

त्या आठवड्यात एका दुपारी ऊन असं तापलं की ऑफिसातले पडदे ओढावे लागले. बिट्टीला काचघर आठवलं. चालू मीटिंगमधून ती उठली, साहेबांना काय सांगितलं ते तिलाही आठवत नाही, आणि रिक्षा मिळेना म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत धावतच सुटली. काचघरापाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. वर बघितलं. सगळ्या खिडक्या सताड उघड्या.

आत तो रोपांपाशी उभा होता. "अगं, फोन करायचा ना."

"तू हाताने उघडल्यास?"

"नाही. मी आत्ताच आलो, गावभर फिरून."

तिचं लक्ष मांडणीकडे गेलं. वाचलेली ती मोजकी रोपं, आणि त्यांची नवी, बोटभर पिल्लं... सगळी इथेच, या छपराखाली. 

"वेडा आहेस का? एवढंच उरलंय तुझ्याकडे. निदान आजचा दिवस तरी थांबायचं इथे."

"थांबणार होतो." त्याने हात पुसले. "पण मग म्हटलं, तुझ्यावर टाकलंय ते टाकलंय. राखणदारावर राखणदार कशाला?"

बिट्टी त्याच्याकडे बघतच राहिली. इतका विश्वास तिने स्वतःवरही कधी ठेवला नव्हता. छातीतली धडधड आता धावण्याची राहिली नव्हती.

"मला यायचंय इथे," ती म्हणाली. "काही बिघडलेलं नसताना. दर शनिवारी... आणि मधल्या वारीही. मला तू आवडतोस. आता हाक मारायची नाही तर कधी?"

 काचघर मेलं त्या दिवशीसुद्धा जो माणूस बोलत होता, तो आता नुसता उभा. आणि तेवढ्यात मांडणीपलीकडच्या मागच्या दारातून, हातात मोठी कुंडी घेऊन, बिट्टीची आई आत आली. मागोमाग आत्या.

 "आई... तू?"

"आवरलेलं कपाट पुन्हा आवरायला लागलीस, तेव्हाच ओळखलं. तुझ्या चपलेच्या मातीने नर्सरी कळली, पत्ता लोकांनी सांगितला." आईने कुंडी खाली ठेवली. "चांगली माणसं आहेत. मी काल पण आले होते."

"परवा पण," आत्या म्हणाली. "आम्ही दोघींनी बरंच ठरवलंय. तुमचंच काही ठरेना, म्हणून खोळंबलो होतो."

आई त्याच्याकडे वळली. "मुलीने तर सांगून टाकलं. तुमचं काय?"

त्याने बिट्टीकडे पाहिलं. "मला वाटत होतं, मी विचारणार," तो एवढंच म्हणाला. "दोन शनिवार मनाशी घोकत होतो."

"मग विचार की," बिट्टी म्हणाली.

आई आणि आत्या एकमेकींना खुणावून बाहेर निघाल्या, पण दारापाशीच रेंगाळल्या. त्याने मातीचा हात पुढे केला, परत मागे घेतला, पँटला पुसला. बिट्टीने तो तसाच ओढून धरला. आणि त्याने विचारलं, अडखळत, अर्धं वाक्य विसरून, पुन्हा पहिल्यापासून.